शिंगराचं विरजण

माझं निम्मं आयुष्य घोड्याच्या पोटाला कान लावण्यात गेलं. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. गुरांचा डॉक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गाय येते, म्हैस येते, फार तर कुणाचा लाडका कुत्रा येतो. वसई तालुक्यात नोकरीला लागलो तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. पण नेमणूक झाली ती आगाशीच्या बाजूला. सत्तरीचं दशक सरत आलं होतं आणि रिक्षा अजून तिकडे पोचल्या नव्हत्या. एसटी होती, पण तिची वाट बघण्यात ज्यांना दिवस घालवायचा नसे ते टांग्यात बसत. पूर्वेकडे चांदीपच्या बाजूला वीटभट्ट्या होत्या. तिथं घाटावरून गाढवं यायची, ती दिवाळीनंतर यायची आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. त्यामुळे गाई-म्हशी राहिल्या बाजूला आणि मी घोड्यागाढवांच्या पोटात शिरलो.

पोट हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. घोड्याचा पाय लचकतो, खूर फुटतो, डोळा जातो, त्यातून तो निभावतो. घोडा मरतो तो बहुधा पोटानं. कारण त्याच्या पोटाची रचनाच आडमुठी आहे. गाईचं सगळं कसं सरळ असतं. ती खाते, सावलीला बसते, रवंथ करते, आणि खाल्लेलं गवत पोटाच्या पहिल्याच कप्प्यात आंबतं. घोड्याचं खरं पोट अंगाच्या मानानं लहान, आणि गवत आंबवायची जागा अगदी शेवटी, आतड्याच्या मागच्या टोकाला. तिथं लहानशा पिंपाएवढी एक पिशवी असते. त्या पिशवीत जंतू राहतात, आणि घोड्याचा सगळा संसार त्या जंतूंच्या जिवावर चालतो.

जंतू म्हटलं की लोक दचकायचे. जंतू म्हणजे रोग आणि रोग म्हणजे फिनेल, एवढंच त्यांनी ऐकलेलं. मी सांगायचो, "घोडा गवत खातो हे खरं नाही. घोडा गवत नुसतं चावतो. खातात ते हे जंतू, आणि त्यांचं उष्टं घोड्याला मिळतं." एका टांगेवाल्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे डॉक्टर, मी रोज हरभरा घालतो तो भलत्यांनाच?" अर्धाअधिक भलत्यांनाच, असं म्हणालो तर त्याचा चेहरा इतका पडला की पुढचं शिकवणं मी तिथंच थांबवलं.

या जंतूंचा एक मोठा दोष आहे. ते सवयीचे आहेत. ज्या अन्नावर त्यांची वस्ती वसली त्यावर ते राहतात. अन्न एकाएकी बदललं की जुने उपाशी मरतात, भलतेच नवे माजतात, आणि पोटात आंबट पाणी नि वायू साठतो. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं मागूनच बाहेर पडायला हवं, आणि ते पडेनासं झालं की घोडा जमिनीवर लोळायला लागतो.

माणिकपूरला एक बेकरीवाले होते. त्यांचा घोडा वर्षानुवर्षं पावाची गाडी ओढायचा आणि उरलेला शिळा पाव खायचा. वाळलं गवत नावापुरतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा जिवंत कसा, असं मला वाटलं, पण घोडा ठणठणीत होता. बेकरीवाल्यांनी गाडी बंद केली आणि घोडा आगाशीच्या एका बागायतदारांनी घेतला. गृहस्थ सज्जन. बिचाऱ्यानं जन्मभर शिळंपाकं खाल्लं, आता चांगलंचुंगलं खाऊ दे, म्हणून त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी हिरव्यागार गवतात सोडला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर घोडा लोळतोय आणि गृहस्थ शेजारी हात जोडून त्याची माफी मागतायत. मी तेल पाजलं, चालवायला लावलं, आणि कळा थांबल्यावर म्हणालो, "आता पाव आणा." ते लगबगीनं घरात गेले आणि माझ्यासाठी चहा-पाव घेऊन आले. पाव घोड्याला घातला आणि चहा मी घेतला. मग महिनाभर पाव रोज थोडा कमी आणि गवत रोज थोडं जास्त, असं करत त्या घोड्याला गवत खायला शिकवावं लागलं. घोड्याला गवत खायला शिकवणारा डॉक्टर म्हणून त्या बाजूला माझी बरीच चेष्टा झाली.

कान लावायचा तो उजव्या कुशीला. कानाला लावायची नळी होती माझ्याकडे, पण नुसत्या कानानं मला जास्त कळायचं. पोट नीट असलं की दर थोड्या वेळानं आत मोठ्या मडक्यातून पाणी ओतल्यासारखा आवाज होतो. तो ऐकला की मी निर्धास्त व्हायचो. पोट गुरगुरत असलं, फुगलं असलं तरी धीर असायचा. पण ज्या पोटातून काहीच ऐकू येत नाही त्या पोटाची मला भीती वाटायची, आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

असं गप्प पोट मी गजाभाऊंच्या मैनेचं ऐकलं.

गजाभाऊ आगाशीचे टांगेवाले. घरची केळीची लहानशी वाडी, आणि मैना नावाची लालसर रंगाची घोडी. वाडी त्यांची बायको यमुनाबाई बघायची, घोडी गजाभाऊ बघायचे. माणूस तापट आणि टापटिपीचा. टांग्याच्या पितळेला रोज चिंच लावायचा. मैनेला चांगल्या घोड्याकडून शिंगरू व्हावं, हा त्यांनी मनाशी धरलेला बेत होता. पण मैनेचा पाय लचकला आणि तिला आराम द्यायला त्यांनी चांदीपला, यमुनाबाईंच्या माहेरी, कापलेल्या भातशेतात चरायला सोडली. शेताला लागून वीटभट्टी होती. भट्टीवर घाटावरचा सोपान नावाचा माणूस गाढवं घेऊन आला होता, आणि त्यातल्या राजा नावाच्या गाढवानं दावं तोडून मैनेला गाठलं.

गजाभाऊ मैनेला आणायला गेले तेव्हा त्यांना हे कळलं. त्यांनी चाबूक काढला, राजाच्या पाठीवर वळ उठवले, आणि मधे पडलेल्या सोपानला सगळ्या भट्टीसमोर नको नको ते बोलले. मग घरी येऊन टांगेवाल्यांना सांगून टाकलं की सोपाऱ्याच्या एका देखण्या घोड्याशी मैनेचं जमवून आणलंय.

पुढल्या वर्षी माघात मैना व्यायली. मी बघायला गेलो. शिंगरू उभं राहून दूध पीत होतं आणि त्याचे कान त्याच्या डोक्याला मोठे होत होते. बारीक खूर, शेंड्याला तेवढा गोंडा असलेली शेपटी. सांगायला डॉक्टर नको होता. गजाभाऊंनी मला बाजूला घेतलं.

"डॉक्टर, वाढेल तसे कान बसतील ना?"

मी म्हणालो, "गजाभाऊ, हे खेचर आहे."

"ते तुम्हांला ठावूक, मला ठावूक. भायेर बोलू नका."

मी कशाला बोलतोय? कुणाच्या शिंगराचा बाप कोण हे सांगत फिरणं माझ्या नोकरीत बसत नव्हतं. शिंगरू धडधाकट होतं आणि मैना त्याला चाटत होती. मी निघून आलो.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. घरात बाळंतीण असली की तिला काय खायला घालायचं याचा यमुनाबाईंना पक्का अनुभव होता. आळीतल्या कितीतरी बाळंतिणी त्यांच्या हातच्या पेजेवर उभ्या राहिल्या होत्या. मैना त्यांची लाडकी, पहिलटकरीण. त्यांनी तिला बाळंतिणीसारखं वागवलं. गूळ घातलेली बाजरीची पेज, भिजवलेली डाळ, शिजवलेला भात, वर पुन्हा गूळ. मैनेनं आनंदानं खाल्लं. जन्मभर वाळल्या गवतावर आणि मुठीमुठीनं मोजलेल्या हरभऱ्यावर वाढलेल्या पोटात दोन-तीन दिवसांत हे सगळं गेलं.

मला बोलावणं आलं तेव्हा सकाळची उन्हं वर आली होती. मैना घामानं भिजली होती, कुशीकडे वळून वळून बघत होती, पुढचे खूर गरम लागत होते. मी उजव्या कुशीला कान लावला. काही नाही. डाव्या कुशीला लावला. तिथंही काही नाही. नाकातून नळी घातली, तेल दिलं, सुया दिल्या, जे येत होतं ते सगळं केलं. उन्हं उतरायच्या आत मैना गेली.

गजाभाऊ ओट्यावर पाठ करून बसले. यमुनाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"डाक्टर, मी मारली का तिला?"

अशा वेळी सांगायची वाक्यं आम्हांला नोकरीत पाठ होतात. तिचं आयुष्य तेवढंच होतं, कुणाच्या हातात नसतं, वगैरे. पण ती बाई उत्तरासाठी उभी होती, समजुतीसाठी नाही. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही प्रेमानं घातलंत. पण मेली ती त्या गुळानं आणि पेजेनं."

त्यांनी मान हलवली आणि शिंगराकडे गेल्या. आपण बोललो ते बरोबर होतं की नाही, याचा मी पुढं पुष्कळदा विचार केला. खरं होतं, एवढं नक्की.

त्या दिवसापासून ते शिंगरू जगवणं हे यमुनाबाईंचं एकच काम होऊन बसलं. गाईचं दूध पाणी घालून, दर थोड्या वेळानं. घोडीचं दूध गाईच्या दुधापेक्षा गोड असतं, म्हणून मी त्यात थोडा गूळ घालायला सांगितला. त्या म्हणाल्या, "गूल नाय घालनार मी." मग साखर घाला म्हणालो. साखर घातली. त्या घरात पुढं कितीतरी दिवस गुळाची ढेप उघडली गेली नाही.

दुधावर शिंगरू तगलं. पण आईचं अंगावरचं दूध ते नव्हे, आणि ते पोटभर पुरतही नव्हतं. त्याला लवकर गवताला लावणं भाग होतं. ते गवताला तोंड लावू लागलं आणि बिघडलं. पोट नगाऱ्यासारखं, बाकी अंगाची काठी. गवत जसंच्या तसं पाण्याबरोबर बाहेर पडायचं. मी औषधं दिली. एक दिवस बरं, दोन दिवस वाईट. बरगड्या मोजता येऊ लागल्या. गजाभाऊंनी टांगा झाकून ठेवला होता आणि ते नाक्यावर जायचे बंद झाले होते. लोक शिंगराबद्दल विचारतील, ही त्यांची धास्ती. माझं मत विचाराल तर ते शिंगरू आठवडाभरात जाणार होतं.

एके दिवशी मी तबेल्यात बसून नुसता बघत होतो. आमच्या धंद्यात कधीकधी एवढंच करता येतं. तबेल्याची जमीन तुळशीपुढच्या अंगणासारखी सारवलेली होती. एक काडी नाही, एक डाग नाही.

"वहिनी, मैना होती तेव्हा तिची लीद कुठं जायची?"

"केलीला," यमुनाबाई म्हणाल्या. "दुसरं कुठं जायची?"

वाडीवाल्यांच्या घरात लीद पडून राहत नाही. केळीला, पानवेलीला तिच्यासारखं खत नाही. आळीतले लोक रस्त्यावर टांगा थांबला तरी टोपली घेऊन धावत. आणि यमुनाबाईंचा हात तर सगळ्यांत चलाख. लीद जमिनीला टेकायच्या आत टोपलीत.

"शिंगरानं कधी लिदीला तोंड लावलं होतं का?"

"एकदा घातलं होतं मेल्यानं. मी थोबाडीत दिली. घान खातो म्हनून."

तेव्हा मला उलगडा झाला. शिंगरू आईची लीद खातं, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि परीक्षेत कुणी विचारत नाही. जन्मतः शिंगराच्या पोटात ती जंतूंची वस्ती नसते. ती आईकडून येते, आणि यायची मोठी वाट हीच. सगळी शिंगरं पहिल्या काही आठवड्यांत आईच्या मागं मागं हिंडून लिदीला तोंड लावतात. आपण त्याला घाण म्हणतो. या शिंगराच्या वाट्याची लीद केळीच्या बुंध्याला गेली होती. गवत पोटात जात होतं, पण ते आंबवणारं आत कुणी नव्हतं.

हे यमुनाबाईंना कसं सांगावं, या विचारात मी होतो. शेवटी म्हणालो, "वहिनी, दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागतं का?"

त्यांनी टोपलीकडे बघितलं. "म्हंजे विरजन मी केलीला घातलं."

"तेवढं आता सोडा. विरजण दुसऱ्याकडून आणता येतं."

पहिलं विरजण आम्ही टांग्याच्या नाक्यावरून आणलं. तिथल्या दोन घोड्यांची ताजी लीद कोमट पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, नळीनं पाजली. तीन-चार दिवस पाजली. थोडा फरक पडला आणि पुन्हा होतं तसं. मी विचार केला की नाक्यावरचे घोडे हरभरा, भुसा आणि गिऱ्हाइकांनी दिलेली बिस्किटं यांवर जगणारे. त्यांच्या पोटातली वस्ती त्या अन्नाची. या पोराला माघ-फाल्गुनात मिळत होतं ते वाळकं गवत आणि भाताचा पेंढा. पेंढ्यावर जगणारं जनावर कुठलं? गाढव. जे खाऊन घोडा वाळतो त्यावर गाढव टुणटुणीत राहतं, ते त्याच्या पोटातल्या वस्तीमुळे. खेचराचं पोट आईवर जातं की बापावर, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. मी अंदाज केला. अंदाज म्हणूनच तो त्या दोघांना सांगितला.

"चांगलं निरोगी गाढव हवं. रस्त्यावरची वाळकी लीद चालणार नाही. ताजी हवी, बरेच दिवस हवी, म्हणजे मालकाला विचारूनच आणावी लागेल."

गजाभाऊ उठले. "चांदीपला मी पाऊल ठेवनार नाय."

"चांदीपचंच कशाला, दुसरी गाढवंही आहेत," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण त्या वर्षी आमच्या बाजूला जवळची गाढवं तेवढीच होती, हे त्यांनाही माहीत होतं.

"माज्या माहेराला जायला मला कुनाची परवानगी?" यमुनाबाई म्हणाल्या. "आनि विरजनाला कोन नाय म्हनत नाय."

दुसऱ्या दिवशी त्या एसटीत बसल्या, मी बसलो. गाडी सुटताना गजाभाऊ चढले आणि आमची ओळख नसल्यासारखे मागच्या बाकावर जाऊन बसले.

भट्टीवर पोचलो तेव्हा गाढवं विटा टाकून सावलीला उभी होती. सोपान पुढं आला. उन्हानं रापलेला, बारीक, मिशीतून हसणारा माणूस. यमुनाबाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. मैना गेली, शिंगरू आजारी आहे, लीद पाहिजे. सोपाननं ऐकून घेतलं. मग राजाला पुढं ओढलं.

"वैनी, ह्यो बघा राजा. पाठीवरला वळ हाय का न्हाई अजून?"

वळ होता. त्या जागी केस पांढरे उगवले होते.

"आन् ते लांब कोन हुबं ऱ्हायलंय?"

गजाभाऊ बाभळीखाली उभे होते. यमुनाबाई म्हणाल्या, "आमचे."

"लीद काय, मस्त पडलीया. घिऊन जावा. पर मागायचं त्येनं. मारायला आलावता तवा सोताच आलावता न्हवं?"

भट्टीवरची माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. गेल्या वर्षी हीच माणसं होती. मला सरळ वाटत होतं की गजाभाऊ आता पाठ फिरवून एसटीच्या रस्त्याला लागणार, आणि शिंगराचं जे व्हायचं ते होणार.

गजाभाऊ चालत आले. सोपानसमोर उभे राहिले.

"लीद पायजे."

"कशापाय?"

"शिंगराला."

"कुनाच्या शिंगराला?"

गजाभाऊंनी सोपानकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ते राजाकडे बघत होते.

"ह्याच्या," ते म्हणाले.

कुणीतरी हसेल असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. सोपाननं टोपली मागवली, स्वतः वाकून ताजी ताजी लीद भरली, आणि खांद्यावरचं धडुतं पाण्यात बुडवून तिच्यावर झाकलं.

"मंग आसं म्हना की. व्याह्याला रिकाम्या हातानं कसं धाडावं?"

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, टोपलीत काय आहे. यमुनाबाई म्हणाल्या, "विरजन." त्यानं वास घेतला, आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघितलं आणि पुढचं तिकीट फाडायला गेला.

लीद मी दवाखान्यात काचेखाली बघून घेतली. जंतांची अंडी फारशी नव्हती. मग गाळून पाजली. पुढं रोज सकाळच्या गाडीनं यमुनाबाईंचा भाऊ चांदीपहून ओल्या धडुत्यात बांधलेली लीद पाठवायचा. पहिले काही दिवस काही दिसलं नाही. नंतर एका सकाळी यमुनाबाई दवाखान्याच्या दारात येऊन उभ्या. हातात केळीचं पान, पानावर शिंगराची लीद. बांधलेली, गोळ्यांची, चकचकीत. प्रसादासारखी धरलेली. माझ्या बाकावर एक गृहस्थ कोंबडी घेऊन बसले होते, ते उठून लांब जाऊन बसले. मी लगेच सायकल काढून गजाभाऊंच्या घरी गेलो आणि शिंगराच्या उजव्या कुशीला कान लावला. आत लहानशा मडक्यातून पाणी ओतलं जात होतं. मला झालेला आनंद मी लपवला नाही.

शिंगरू त्या लिदीनं वाचलं की वय वाढलं म्हणून सावरलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एका जनावरावरून काही सिद्ध होत नसतं. घोडा, गाढव आणि खेचर यांच्या पोटातल्या वस्त्या वेगवेगळ्या असतात, चिमूटभर लिदीवरून आता त्या ओळखता येतात, असं हल्ली वाचायला मिळतं. तेव्हा माझ्याकडे एक कान होता आणि एक फडकं. ते खेचर पुढं पुष्कळ वर्षं आगाशीच्या बाजारात केळीचे लोंगर वाहत होतं. नाक्यावर रिक्षा आल्या, टांगे मोडीत गेले, तरी ते चालत होतं. कान शेवटपर्यंत बसले नाहीत.

पण मला सांगायचा आहे तो त्या वर्षीचा, मिरगाच्या आधीचा दिवस. भट्ट्या विझल्या होत्या आणि घाटावरची माणसं परत निघाली होती. मी शिंगराला बघायला गजाभाऊंकडे गेलो होतो. ते वाडीत हुंदडत होतं. यमुनाबाईंनी तबेल्याचा एक कोपरा आता न सारवता सोडला होता. तिथली लीद त्या हलवत नसत. तिच्याकडे बघताना मात्र त्यांचा हात शिवशिवत असावा.

कुंपणाशी गलका झाला. सोपान आला होता. चांदीपहून पायी, आणि हातात राजाचा कासरा.

"म्हनलं, घाटावर जायाच्या आदी पोरगं बगून जावं."

त्याच्या मागून नाक्यावरचे पाच-सहा टांगेवाले. सोपाऱ्याच्या देखण्या घोड्याची गोष्ट त्यांनीही ऐकलेली होती. आता ते राजाचे कान बघत होते आणि शिंगराचे कान बघत होते. गजाभाऊ ओट्यावर बसले होते, ते बसूनच राहिले.

यमुनाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. सोपानला पाय धुवायला पाणी दिलं. घरी आलेल्या माणसाला ते सगळेच देतात, त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. मग त्यांनी तांब्या पुन्हा भरला, राजाजवळ गेल्या आणि त्याच्या पुढच्या दोन खुरांवर पाणी घातलं. व्याह्याच्या पायांवर घालतात तसं, सावकाश. कुंपणाशी कुणीतरी फिसकन हसलं.

गजाभाऊ उठले. मला वाटलं, बायकोवर ओरडणार. त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला.

"मागचे ऱ्हायले," ते म्हणाले आणि राजाच्या मागं गेले.

"गजाभाऊ, मागून जाऊ नका," माझ्या तोंडून सवयीनं निघालं. "लाथ मारेल."

"मारू दे. मी मारलंच होतं की."

ते खाली बसले. एका हातानं पाणी ओतत, दुसऱ्या हातानं त्यांनी त्या गाढवाचे मागचे दोन्ही पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत चोळून धुतले. पितळ चोळायचे तसे. राजानं एक कान तेवढा मागं फिरवला आणि पाय उचलला नाही.